होडीच्या तळाचा तांब्याचा पैसा

आधी बाईंचं सांगते. काय झालं ते मागाहून. कारण बाई नसत्या तर ही गोष्ट सांगायला मी बसलेच नसते. अशा गोष्टी माणूस कुणाला सांगत नाही, आतल्या आत गिळून टाकतो.

बाई सावेडीला राहतात. शाळेत विज्ञान शिकवायच्या, आता निवृत्त झाल्यात. यजमान गेले, मुलगा परदेशात. रविवारी सकाळी त्यांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात आम्ही शाळा अर्धवट सुटलेल्या चार-पाच बायका जमतो आणि बाई आमच्याकडून दहावीची तयारी करून घेतात. कुणी स्वयंपाकाला जाणारी, कुणी दुकानात बसणारी. मी केडगावहून येते. मी सातवीपर्यंत शिकलेली. पुढचं हायस्कूल खाडीपलीकडे होतं, आणि एकट्या पोरीला रोज तरीच्या होडीतून पलीकडे कोण पाठवणार, असं म्हणून घरच्यांनी थांबवलं. मीही फार रडले नाही. तेव्हा कळलं नव्हतं.

माझं माहेर समुद्रकाठचं, कोकणातलं. आमचे हे वेल्डर. आमच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्याची टाकी बसवायला आले होते, तिथंच आमचं जमलं आणि मी घाट चढून इकडे आले. इकडे आल्यापासून मला कशाचीही भीती वाटते. कोरड्या वाऱ्याची वाटते, रस्ता ओलांडायची वाटते, आणि फोन वाजला की सगळ्यात जास्त वाटते. माहेरी दादा रोज समुद्रात जातो. वडील गेल्यावर घर त्याच्यावर आहे. फोन वाजला की मला आधी पाणी दिसतं, मग नाव.

आमच्या यांचं वर्कशॉप केडगावच्या बाहेर आहे. मीही तिथंच पॉलिशच्या कामाला जाते. मुख्य काम डेअरीच्या टाक्यांचं. पण गेली काही वर्षं मालक ॲल्युमिनियमच्या होड्याही बनवतात, धरणात मासेमारी करणाऱ्यांसाठी. हलकी होडी, दोघांनी उचलावी अशी. माझी आई ॲल्युमिनियमला जर्मल म्हणते. मी तिला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "जर्मलाचा टोप पाण्यात सोडतत?" आणि हसत सुटली.

या वर्कशॉपची एक रीत आहे. मालकांच्या वडिलांनी बैलगाड्यांच्या चाकांवर लोखंडी धावा बसवण्यापासून धंदा सुरू केला. ते प्रत्येक तयार वस्तूवर तांब्याचा जुना, मधे भोक असलेला पैसा ठोकून मगच ती बाहेर पाठवायचे. ती रीत आजही चालू आहे. टाकी असो, ट्रॉली असो, पैसा लागतोच. होडीला तो तळाशी लागतो, मागच्या टोकाला, इंजिनाच्या खाली. वेल्डर तळाच्या पत्र्यावर बोटभर खुंटी उभी करतो, तिच्यावर पैसा भोकातून ओवायचा आणि खुंटीचं डोकं हातोडीनं ठोकून पसरवायचं. हे ठोकायचं काम सवाष्णीचं. वर्कशॉपमध्ये सवाष्ण मी एकटी.

"या वैनी, लावा हात," मालक म्हणायचे. "तुमच्या हातानं पैसा बसला की होडी सुखरूप ऱ्हाती."

मला ते आवडायचं, खरं सांगते. पॉलिश करणाऱ्या बाईला कोण मान देतो? पण होडी निघायच्या दिवशी सगळे बाजूला उभे राहायचे, मी पदर खोचून आत उतरायची, हळदकुंकू वाहायची आणि ठोकायची.

दादाची लाकडी होडी जुनी झाली होती. दर पावसाळ्याआधी तिची डागडुजी करून तो कंटाळला. मी त्याला आमच्या होड्यांचे फोटो पाठवले आणि त्यानं एक मागवली. समुद्राकडे जाणाऱ्या आमच्या पहिल्या तीन होड्यांतली ती एक. बाकीच्या दोन शेजारच्या बंदरावरच्या लोकांनी घेतल्या, दादाचं बघूनच. दादाच्या होडीत पैसा बसवताना मी सगळ्यात जास्त कुंकू वाहिलं. टेम्पोत चढली तेव्हा तिच्या कडेवरून हात फिरवला. वाटलं, आता माझं काहीतरी रोज त्याच्याबरोबर पाण्यात असणार.

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली आणि दादा नव्या होडीनं जायला लागला. महिने गेले. थंडी पडायला लागली होती, तेव्हा त्यानं मला एक व्हिडिओ पाठवला. होडीचा तळ, खाली साचलेलं थोडं पाणी, आणि पैशाच्या भोवती पांढरं पांढरं काहीतरी फुगून आलेलं. ओल्या चुन्यासारखं. मागून दादाचा आवाज: "बघ गो बाय, तुझ्या पैशाक फुलां इली! देव पावलो!"

मी हसले. रविवारी व्हरांड्यात बायकांना दाखवला, त्याही हसल्या. एक म्हणाली, "आमच्याकडं आता नारळ फोडायला सुरुवात केली असती." मग फोन बाईंच्या हातात गेला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला. चष्मा वर केला, फोन डोळ्यांजवळ नेला.

"पैसा कशाचा आहे?"

"तांब्याचा."

"आणि होडी ॲल्युमिनियमची. खाली जे पाणी आहे ते समुद्राचं?"

"हो. इंजिनाखाली थोडं साचतंच, बाई."

"रंग नाही मधे? रबर, प्लास्टिक, काहीच नाही?"

"नाही. पैसा पत्र्याला टेकलाच पाहिजे, अशी रीत आहे."

बाई उठून आत गेल्या. परत आल्या त्या तीन काचेचे पेले, मीठ, तांब्याच्या तारा आणि जुन्या ॲल्युमिनियमच्या डब्याच्या झाकणाच्या कापलेल्या पट्ट्या घेऊन. हे सगळं त्यांच्याकडे पोरांना प्रयोग दाखवायला ठेवलेलं असतं. पेल्यांत मिठाचं पाणी केलं, प्रत्येकात एक तार आणि एक पट्टी सोडली, एकाला दुसरं जोडत नेलं. मग भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. त्यातला सेल काढला. दोन टोकं सेलच्या जागी लावली.

घड्याळ चालायला लागलं.

बायका "अगंबाई!" करत पुढे सरकल्या. मी मात्र फोन घेऊन तो व्हिडिओ पुन्हा लावला.

"दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि त्यांच्यात खारं पाणी आलं की वीज तयार होते," बाई म्हणाल्या. "पण वीज फुकट होत नाही. दोघांतला एक धातू विरघळत जातो. तांब्याला काही होत नाही. ॲल्युमिनियम झिजतं. ते पांढरं आहे ना, फुलं म्हणतोय तुझा भाऊ, तो त्याच्या होडीचा तळ आहे. भुगा होऊन वर आलेला."

"पण धरणात इतक्या होड्या आहेत, बाई. एकीलाही काही झालं नाही."

"धरणाचं पाणी गोडं. त्यात वीज धड वाहत नाही. समुद्रात वाहते."

मला आमच्या वडिलांची होडी आठवली. तिला सगळे तांब्याचे खिळे होते. लोखंडाचा खिळा समुद्रात टिकत नाही, तांब्याचाच मारायचा, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. म्हणून तांबं बघून दादालाही काही वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. मी ते बाईंना सांगितलं.

"लाकडात चालतं," बाई म्हणाल्या. "लाकूड धातू नाही ना."

इकडची रीत इकडे बरोबर होती, तिकडची तिकडे. दोन्ही माझ्या हातानं एका होडीत एकत्र झाल्या होत्या.

घड्याळ टेबलावर टिकटिकत होतं. मला त्याच्याकडे बघवेना. बाई चहा टाकायला आत गेल्या आणि मी दादाला फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. रविवार असला तरी तो जातो, पहाटेच गेला असणार. पुन्हा लावला. तेच. मग मला काही सुचेना, मी व्हॉट्सॲपवर बोलून मेसेज टाकला: "दादा, तो पैसो आताच्या आता उपटून काढ. होडी खाता तो. ठेव नको, काढून टाक!"

बाई ट्रे घेऊन आल्या. मी म्हटलं, "कळवलं बाई त्याला. पैसा काढून टाक म्हणून सांगितलं."

बाईंनी ट्रे कठड्यावर ठेवला. चहा सांडला.

"कुठे आहे तो आत्ता?"

"समुद्रात."

"अगं, खालचा पत्रा किती उरलाय ते कुणाला माहीत? कदाचित तो पैसाच भोक झाकून बसलाय. त्यानं तो उपटला तर?"

त्या बाकीच्या बायका, तो व्हरांडा, सगळं माझ्यापासून लांब गेलं. नुसतं पाणी दिसत होतं. मी फोन बघितला. मेसेजपुढे बरोबरच्या दोन खुणा आल्या होत्या. म्हणजे त्याच्या फोनला रेंज मिळाली होती. अजून ऐकलेला नव्हता. बंदराजवळच्या टेकडीवरच्या टॉवरची रेंज आत समुद्रात मधेच येते, मधेच जाते, ते मला माहीत होतं. तो फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवतो. पिशवी कधी उघडेल, सांगता येत नव्हतं.

"पूस तो मेसेज," बाई म्हणाल्या. मला कसा पुसतात ते माहीत नव्हतं. मी घरच्यांना फोटो पाठवते तेवढंच. बाईंनी माझ्या हातातून फोन घेतला, मेसेजवर बोट दाबून धरलं आणि त्याच्याकडूनही तो काढून टाकला. "आता बोल. सांग, हात लावू नकोस."

मी बोलले. काय बोलले ते मला आठवत नाही, बाई म्हणतात मी नुसतं "नको नको" म्हणत होते. मग आम्ही फोन लावत राहिलो. लागत नव्हता.  बायकांतल्या एकीनं माझ्या पाठीवर हात ठेवला तर मी तो झटकला, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि मग त्याचाच फोन आला.

"काय गो?" वाऱ्यातून आवाज. "मेसेज धाडलंस नि पुसलंस कित्याक? काय झाला? आये बरी हा?"

"दादा, पैशाक हात लावलंस?"

"खयच्या पैशाक?"

"होडयेतल्या! त्या पैशाक हात लाव नको!"

तो हसला. "अगो, आज पाणी जरा जास्तच येता. मघापासून उपसतंय. माका वाटला त्या पैशाकडसूनच झिरपता. म्हटला, पान्यान काढून बघूया खाली काय हा तां."

 इंजिनाचा पाना त्याच्या हातात होता.  बाईंनी फोन घेतला.

मी बाईंना वर्गातल्या आवाजात बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. आमच्याशी त्या हळूच बोलतात.

"हे बघ, मी तुझ्या बहिणीची बाई बोलतेय. पाना खाली ठेव. ठेवलास?"

पलीकडून काहीतरी आलं.

"ठेवलास का, ते सांग."

"ठेवलंय, बाईनूं."

"पायात चप्पल आहे? रबराची? काढ. पैशावर पालथी घाल आणि वर तुझा पाय दाबून ठेव. पैसा हलवायचा नाही, खरवडायचा नाही, खाली काय आहे ते बघायचं नाही. होडीत दुसरं कुणी आहे?"

"शेजारचो असा."

"त्याला पाणी उपसायला सांग. तू पाय सोडायचा नाहीस. जवळात जवळचा किनारा पकड, तुझं बंदर नको. कळलं? माझ्या मागून म्हण."

आणि माझा दादा, जो कुणाच्या बापाचं ऐकत नाही, तो खरोखर बाईंच्या मागून म्हणाला: चप्पल, पाय, उपसणं, जवळचा किनारा. शेवटचं म्हणताना आवाज तुटला. रेंज गेली.

त्यानंतरचा वेळ मी कसा काढला, विचारू नका. बाईंनी घड्याळाच्या तारा काढल्या, सेल बसवून ते परत भिंतीवर टांगलं. मला दरवाज्यात बसू दिलं. माझ्यासमोर येऊन त्या खाली जमिनीवर बसल्या, गुडघे दुखत असूनही. "होईल सगळं ठीक" वगैरे त्यांनी एकदाही म्हटलं नाही. मी विचारलं, "बुडेल का, बाई?" तर म्हणाल्या, "मला पुस्तकातलं माहीत आहे गं. होडीतलं नाही." त्या खोटं बोलल्या नाहीत म्हणून मी त्यांच्याकडे बघत राहिले. दुसऱ्या कुणाकडे बघितलं असतं तर मी ओरडले असते.

ऊन व्हरांड्यातून पायरीवर उतरलं तेव्हा फोन आला.

"इलंय गो, इलंय," दादा म्हणाला. धापा टाकत होता. "वाळयेर हाडली होडी."

मी रडले. फोन बाईंनीच धरून ठेवला. थोड्या वेळानं त्यानं फोटो पाठवला. होडी वाळूवर ओढून त्यानं पैसा उचलला होता. उचलायला जोर लागलाच नाही म्हणे, बोटानं ढकलला तर भाजलेल्या पापडासारखा खालचा पत्रा त्याच्याबरोबर निघाला. त्या भोकातून खालची वाळू दिसत होती. वाळूवर एक शिंपला होता, तोही नीट दिसत होता.

शेजारच्या बंदरावरच्या दोन होड्यांना दादानं त्याच दिवशी कळवलं. त्यांनी त्या बाहेर काढून ठेवल्या. एकीच्या पैशाखाली पत्रा पातळ झाला होता, दुसरीत पाणीच साचत नसे म्हणून ती बचावली. पण पुढची होडी वर्कशॉपमध्ये तयार होत होती आणि तीही समुद्राकडेच निघाली होती. मालकांना सांगायला हवं होतं. माझी छाती होईना. आमचे हे म्हणाले, "वडिलांची रीत हाय त्यांची. तू बोलू नको, मी बोलतो." ते बोलले. मालकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इतकी वर्सं धरनात होड्या हायेत, एकबी बुडाली न्हाई. पैसा होडी खातो व्हय? उंदीर हाय का त्यो?"

मी बाईंना ते फोनवर सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी त्या रिक्षा करून केडगावला आल्या. हातात पिशवी. वर्कशॉपच्या टेबलावर त्यांनी तेच पेले मांडले. मालकांनी स्वतः वर्कशॉपचं घड्याळ उतरवून दिलं, चेष्टेनंच. ते चाललं. मालक बराच वेळ बघत होते. मग बाईंनी दादाचा फोटो दाखवला. भोकातला तो शिंपला मालकांनी दोन बोटांनी मोठा करून बघितला.

"आन् दादा कसा हाय तुमचा?" त्यांनी मला विचारलं. आवाज उतरला होता.

"बरा आहे."

"आमच्या आबांनी गाडीला पैसा लावला त्यो चांगल्यासाठीच हो, वैनी."

"चांगल्यासाठीच होता," बाई म्हणाल्या. "लावा की. बसायच्या लाकडी फळीवर लावा. पत्र्याला आणि खाऱ्या पाण्याला लागला नाही म्हणजे झालं."

आता तसंच करतात. मी फळीवर पैसा ठोकते, बारीक पितळी खिळ्यांनी. बाईंचा एक जुना विद्यार्थी जहाजांच्या दुरुस्तीचं काम करतो, त्याला फोन करून बाईंनी बाकीचं विचारून घेतलं. स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियमला थेट लावायचा नाही, मधे नायलॉनचं वायसर आणि नळी घालायची. बाहेरून तळाला जस्ताचा ठोकळा बसवायचा, म्हणजे खारं पाणी आधी त्याला खातं आणि होडी वाचते. ठोकळा झिजला की नवा. पहिल्याच होडीवर आमच्या रंगाऱ्यानं तो ठोकळा निळ्या रंगानं रंगवून टाकला. म्हणाला, "नागडा दिसत हुता." रंगाखाली ठोकळा झिजणार कसा आणि होडी वाचणार कशी? तो घासून काढायला मीच बसले.  कुणाच्या लक्षातच आलं नसतं तर, हेच घासताना डोक्यात होतं. दादाच्या होडीला नवा तुकडा वेल्ड करायला आमचे हे स्वतः कोकणात जाऊन आले.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. दादा पुन्हा त्याच होडीनं जातो. रोज परतला की मला होडीच्या तळाचा फोटो पाठवतो, मी सांगितलंय म्हणून. फोटो येईपर्यंत मला जेवण जात नाही. पांढरं काही दिसलं की मी मोठं करून बघते. कधी मीठ असतं, कधी माशाचं खवलं.

बाई, हे तुम्ही वाचाल आणि म्हणाल, "एवढं काय त्यात, मी फोनवर दोन वाक्यं बोलले." तुमची ती दोन वाक्यं नसती तर दादाच्या हातातला पाना खाली ठेवला गेला नसता. तुम्हाला मी शिकवणीचे पैसेही कधी दिलेले नाहीत, तुम्ही घेत नाही. ही परतफेड मात्र घ्यावी लागेल. कधी, कसं, ते मला आज माहीत नाही. तुम्ही एकट्या असता. अडल्या वेळी, दवाखान्याची वेळ आली, रात्री-अपरात्री कुणी हवं झालं, तर मुलगा लांब आहे, मी केडगावला आहे. मी भित्री आहे हे खरं, पण येईन. माझ्या भावाला तुम्ही किनाऱ्याला आणलंत, ते मी एक दिवस फेडीन.